आकाशपाळण्याचा दाखला

माणसाचा माणसावरचा विश्वास हाच जगातल्या प्रत्येक यंत्राचा खरा आस आहे. चाक लोखंडावर फिरत नाही, विश्वासावर फिरतं.

हे वाक्य माझं नाही. आमच्या पंचायत समितीच्या सभापतींचं आहे. सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा, अल्लीपूरच्या पुढच्या एका गावच्या जत्रेत, आकाशपाळण्याचं उद्घाटन करताना ते त्यांनी म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी फीत कापली, पाळण्यात बसायचा आग्रह झाला तेव्हा गुडघ्यावर हात ठेवून नकार दिला, आणि त्याच गुडघ्याने मंडपाच्या पायऱ्या भराभर उतरून ते आलुबोंड्यांकडे गेले. मी त्यांना दोष देत नाही. त्या पाळण्याच्या मजबुतीच्या दाखल्यावर सही माझी होती, आणि त्या घटकेला माझाही तिच्यावर विश्वास उरला नव्हता.

आकाशपाळणे, फिरते घोडे, मौत का कुआँ आणि पुढे मोठ्या शहरांतून आलेल्या रुळांवरच्या उलट्यासुलट्या गाड्या यांबद्दलची माझी मतं कुणाला पटत नाहीत. जत्रेला जाताना मला सोबत न्यायचं नातेवाइकांनी केव्हाच बंद केलं. पाळण्यात जो काही आनंद आहे तो खाली उतरल्याचा आहे, आणि जो चढलाच नाही त्याला तो सकाळपासून मिळालेला असतो, असं मी एकदा भाच्यांना समजावून सांगितलं. लस टोचायला आलेल्या माणसाकडे पाहावं तसं ते माझ्याकडे पाहत राहिले. मौत का कुआँ तर मला कधी भीषण वाटलाच नाही. एक माणूस मोठा आवाज करत, जिवाच्या आकांताने गोल गोल फिरतो आणि निघाला तिथेच उतरतो. मी सरकारी नोकरीत होतो. हे बघायला मला तिकीट काढायचं कारण नव्हतं. लाकडी घोड्यांचं मात्र वाईट वाटतं. रंगाऱ्याने त्यांच्या तोंडावर असा उत्साह काढलेला असतो की जणू आज ते कुठेतरी पोचणार आहेत. वाकड्या आरशांचा तंबू तेवढा मला मान्य आहे. तिथे माणूस जमिनीवर उभा असतो, आणि जे काही वाईट व्हायचं ते नुसतं दिसतं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर बायकोच्या हट्टाखातर एका मोठ्या शहरातल्या करमणुकीच्या बागेत गेलो होतो. तिथे उंच चढणीवरून सुटणारी रुळांवरची गाडी होती. रांगेतले सगळे हसत होते आणि सगळेच तळहात कपड्यांना पुसत होते. गाडीजवळ उभ्या असलेल्या गणवेशातल्या माणसाला मी विचारलं, "माणसं बसवायच्या आधी यात काय बसवता?"

"मतलब?"

"चाचणीला. आधी काय बसवून बघता?"

त्याने मला नीट न्याहाळलं आणि माझ्या बायकोला सांगितलं, "मॅडम, यांना जरा बाकावर बसवा."

मी बाकावर बसलो. बाक पक्कं होतं. प्रश्न मात्र मी उगाच विचारला नव्हता.

जत्रेच्या त्या वर्षी मी चोवीस वर्षांचा होतो. पंचायत समितीत ओव्हरसियर म्हणून लागून आठ महिने झाले होते आणि नोकरी अजून कायम व्हायची होती. शाळेच्या खोल्या, नाल्यावरच्या मोऱ्या, विहिरींचे कठडे, एवढाच माझा प्रांत. एक दिवस साहेबांनी बोलावून हातात पत्र दिलं. जत्रेत आकाशपाळणा लागणार आहे, तो मजबूत असल्याचा दाखला तहसिलीला पाहिजे.

"आजवर कोण देत होतं?" मी विचारलं.

"तुमच्या आधीचे ओव्हरसियर."

"ते कसा देत होते?"

"सही करून," साहेब म्हणाले.

आकाशपाळण्यासाठी छापील नमुना नव्हता. शाळाखोलीचा होता. त्यातलं 'खोली' खोडून मी वर 'आकाशपाळणा' लिहिलं. बाकीचा मजकूर तसाच राहिला: छत गळत नाही, दारे-खिडक्या सुस्थितीत आहेत, सबब मनुष्यवापरास योग्य. छत गळत नव्हतं, हे तरी खरंच होतं.

पण नुसती सही करायला हात धजेना. कॉलेजातलं शिक्षण ताजं होतं. स्लॅबवर वाळूची पोती रचून चाचणी घेतात, हे शिकलो होतो. चाकाला बारा पाळणे. एका पाळण्यात दोन माणसं धरली तर त्यांच्या जागी वाळूचे दोन बोरे, म्हणजे माणसांपेक्षा काकणभर जास्तच. त्याप्रमाणे मी गावच्या कोतवालाला चिठ्ठी पाठवली: 'मंगळवारी सकाळी आठ वाजता पाळण्याजवळ चोवीस भरलेले बोरे तयार ठेवावेत.' पाठवण्याआधी ती तीनदा वाचली. भाषा नेमकी, सभ्य आणि सरकारी होती.

ते गाव आईचं माहेर. आईजवळ मी पाळण्याचा विषय काढायला नको होता. नालवाडीच्या घरी ओट्यावर बसून ती तुरीच्या शेंगा सोलत होती, आणि मी आपला सहज बोलून गेलो. तिचे हात थांबले.

आई भित्री होती. एसटी पुलावर आली की ती डोळे मिटायची आणि पूल संपला का, हे शेजारणीला विचारायची. शिडीवर चढायची वेळ आली की शेजारच्या घरून कुणाला तरी बोलवायची. पण लहानपणी माहेरच्या जत्रेत तिला पाळण्यात बसायचं होतं. तेव्हाचा पाळणा लाकडी, माणसं हातांनी फिरवायची. आजोबांनी बसू दिलं नाही. ते म्हणाले होते, "पडणार नाई असं कोणी लिहून देते का? लिहून आण, मंग बसजो." ती सात-आठ वर्षांची होती. लिहून देणारं कुणी तिला भेटलं नाही. मग लग्न झालं, आणि पुढची चाळीस वर्षं तिने हा विषय काढला नव्हता.

"तू लिहून देऊन राह्यला?" तिने विचारलं.

"हो."

"का पडणार नाई म्हून?"

"तसंच काहीसं."

"मंग मले यायचंच हाय," आई म्हणाली आणि पुन्हा शेंगा सोलू लागली.

मंगळवारी साडेसातला मी गावात पोचलो. आई मागच्या गाडीने येणार होती. जत्रेच्या मैदानात पाळणा उभा होता. लोखंडी, निळा-पिवळा रंग दिलेला, आणि जिथे जिथे जोड होते तिथे रंग जरा जास्तच जाड. बाजूला विहिरीवर असतं तसलं डिझेल इंजिन. पाळणेवाला पन्नाशीचा, मध्यप्रदेशातून आलेला, गळ्यात रुमाल आणि पट्ट्यात खोचलेली छोटी हातोडी. चाकाचे चारही पाय सरळ जमिनीत रोवले होते. आमच्याकडची जमीन म्हणजे काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती चपला ठेवून घेते. हे मला आठवलं, आणि मी तीस पावलं मागे, एका निंबाखाली जाऊन उभा राहिलो. निरीक्षणासाठी ते योग्य अंतर आहे, असं मी कोतवालाला सांगितलं.

बोरे आधीच पाळण्यांत चढले होते. दोन-दोन, दोरीने आवळलेले, टम्म फुगलेले. प्रत्येकावर हळदीकुंकवाची बोटं. आमच्या लोकांना कशाचीही पूजा करता येते, असा एक विचार मनात येऊन गेला, आणि तो तिथेच सोडला. इंजिन धडधडलं. चाक दहा वेळा फिरलं. थोडं करकरलं, पण पडलं काही नाही. मी पुढे झालो आणि इंजिनाच्या पत्र्यावर कागद ठेवून सही केली. पाळणेवाल्याने तो कागद दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि वाचता येत नसल्यामुळे उलटा धरून खांबाला चिकटवला. तो सरळ करायचं मी मनात आणलं, पण तेवढ्यात सभापतींची जीप आली.

मंडपात मला दुसऱ्या ओळीत खुर्ची मिळाली, नारळ मिळाला आणि कपाळावर गुलाल. सभापती उभे राहिले. ते विश्वासावर बोलत होते, मी त्यांच्या खांद्यावरून पाळण्याकडे बघत होतो. बोरे उतरवायचं काम चाललं होतं. एक म्हातारी आली, तिने एक बोरा कुणाची मदत न घेता डोक्यावर चढवला आणि बाजूच्या बाईशी बोलत बोलत निघून गेली. तिच्या मागून दुसरी गेली. तिच्या बोऱ्याच्या तोंडातून काहीतरी पांढरं बाहेर आलं होतं आणि वाऱ्यावर हलत होतं.

वाळू पांढरी असू शकते. हलत मात्र नाही.

कोतवाल माझ्या मागेच उभा होता. साठीचा, डोक्याला पांढरा दुपट्टा, शांत माणूस.

"बोऱ्यात काय होतं?" मी मान न वळवता विचारलं.

"कापूस."

"कापूस?"

"मंग काय साहेब. या दिवसात आमच्याकडे दुसरं काय भेटते?"

"वाळू का नाही भरली?"

त्याला हे लागलं असावं.  मग खाली वाकून, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाला, "नव्या बैलबंडीत पह्यले कापूस बसते, मंग मानूस. इंजिन आणलं तरी तसंच. वाळूले पह्यला मान कोण देते, साहेब? तुमची चिठ्ठी वाचून सरपंच खुश झालते. म्हने, पह्यल्यांदा कोणी सरकारी मानसानं आपली रीत पाळली."

ही रीत मला माहीत होती. नालवाडीला काकांनी नवी बंडी घेतली तेव्हा पहिली खेप कापसाचीच झाली होती, आणि बंडीत बसू द्या म्हणून रडणाऱ्यांत मी होतो. बोऱ्यांवरची हळद मी तीस पावलांवरून पाहिली होती. विचारलं नव्हतं.

"एका बोऱ्यात किती बसतो?"

"चाळीस किलो. पायानं दाबून दाबून भरला. सरकारी काम म्हून कमीपणा नाई ठेवला."

म्हणजे एका पाळण्याला ऐंशी. दोन धडधाकट माणसं बसली की त्याच्या वर जाणार, आणि जत्रेत एका पाळण्यात दोन माणसं कधी बसतात? तीन कोंबतात, वर मांडीवर पोर. बारा पाळणे. काळी माती. मी आकडे मांडत होतो आणि दर वेळी ते वाढत होते. समोर सभापती म्हणत होते की चाक विश्वासावर फिरतं.

मी तेव्हाच उभं राहायला हवं होतं. राहिलो नाही. नोकरी कायम झाली नव्हती, हे एक कारण मी पुढे बरीच वर्षं स्वतःला देत आलो. खरं कारण असं की मला लाज वाटली. कापूस आणि वाळू यांतला फरक ज्याला तीस पावलांवरून कळला नाही, तो ओव्हरसियर मीच, हे मला भर मंडपात सांगायचं नव्हतं. टाळ्या पडल्या, फीत कापली गेली, गुडघ्याचं झालं. मी पाळणेवाल्याकडे पळालो.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"कागज आपका है साहेब, चक्का मेरा है," तो म्हणाला. "दोनों का काम अलग."

"पण तुम्ही तपासता कसं?"

त्याने पट्ट्यातली हातोडी काढली, एका बोल्टवर टकटक केली आणि कान लावला. रोज पहाटे तो प्रत्येक बोल्ट असा वाजवून बघत असे. जो वाजत नाही तो आवळायचा. माझ्या कॉलेजात शिकवलेल्या कुठल्याही रीतीपेक्षा ही मला बरी वाटली आणि जीव जरा खाली बसला.

"आणि हे पाय? या मातीत रुतले तर?"

त्याने खाली पाहिलं. "माटी का मैं क्या जानूँ," तो म्हणाला. "माटी आपकी है."

जीव पुन्हा वर आला.

शेवटी ठरलं ते असं: पहिला फेरा हलका चालवायचा. एका पाळण्यात दोनच, आणि तेही किडकिडीत. इंजिन सुरू झालं होतं, रांग लागली होती, आणि रांगेतून माणसं निवडायला मी स्वतः फाटकाशी उभा राहिलो. जाडजूड माणसाला "पुढच्या फेऱ्यात" म्हणायचं आणि बारीक दिसेल त्याला आत सोडायचं. पाच मिनिटांत रांगेच्या ध्यानात आलं की साहेब काहीतरी निवडून राह्यले. काय, ते मात्र प्रत्येकाने आपापलं ठरवलं.

"मी काऊन नाई साहेब? तिकीट तं माह्याजवळबी हाय," एक तेलाचा व्यापारी म्हणाला. तो एकटाच अडीच बोऱ्यांचा होता.

"पुढच्या फेऱ्यात."

"अन् या दोघी कशा गेल्या?"

"त्या आधी आल्या होत्या."

"माह्या मागं होत्या ना त्या."

"जाऊ द्या ना शेठजी," मागून कुणीतरी म्हणालं, "साहेबाचं लगन नाई झालं अजून."

रांग हसली. मी लाल झालो, पण फाटकातला हात काढला नाही. आणि त्या हाताखालून, डोक्यावरचा पदर नीट करत, आई पुढे आली.

तिने नवं लुगडं नेसलं होतं. सोबत माहेरच्या दोन मैत्रिणी होत्या, तिच्याच वयाच्या. आई काडीसारखी होती. वजनावरून तिला अडवायचं कारणच नव्हतं.

"तू नको बसू," मी हळूच म्हणालो.

"काऊन?"

"चक्कर येईल."

"येऊ दे."

"माय, पुढच्या फेऱ्यात बस."

तिने खांबाकडे पाहिलं. उलटा चिकटवलेला कागद तिथे होता. तिला वाचता येत नव्हतं, त्यामुळे तो उलटा आहे हे तिला दिसत नव्हतं. पण खाली, म्हणजे वर, शाईची एक रेघ आहे एवढं दिसत होतं. "ते तुही सही हाय ना?" तिने विचारलं.

"हो."

"मंग?" ती म्हणाली, आणि मैत्रिणींकडे वळून, "माह्या पोरानं लिहून देल्लं हाय."

खरं सांगायची ही दुसरी संधी होती. मी ती पण घालवली. आई पाळण्यात चढली आणि तिच्या शेजारी मी चढलो. तिला एकटीला पाठवणं जमेना, हे खरं. पण शेजारी बसून मी त्या पाळण्यावर माझं वजन घातलं, हे आडवा दांडा लागल्यावर माझ्या लक्षात आलं. तोवर जमीन खाली जाऊ लागली होती.

त्या फेऱ्यात मला काय दिसलं ते फारसं सांगता येणार नाही, कारण मी बहुतेक वेळ समोरच्या पाळण्याच्या एका बोल्टकडे पाहत होतो. ऐकू मात्र सगळं येत होतं. इंजिनाचे ठोके, पट्ट्याची फटफट, आणि दर फेऱ्यात एकाच जागी येणारी एक करकर. ती पहिल्या फेऱ्यापेक्षा दुसऱ्यात मोठी आहे का, हे मी ठरवत होतो. तिसऱ्यात ती आलीच नाही, तेव्हा तर घाम फुटला. चौथ्यात पुन्हा आली. तिच्याबद्दल मला इतकं प्रेम वाटलं की काय सांगू. चाकाचा पश्चिमेकडचा पाय मला वरून दिसत होता. तो हलतो आहे असं वाटे, मग मीच हलतो आहे असं वाटे.

मग आम्ही अगदी वर असताना चाक थांबलं. खाली कुणीतरी उतरत होतं. पाळणा झुलू लागला.

"ते आमची विहीर," आई बोट दाखवत म्हणाली. "ते आंब्याचं झाड. पाह्य, केवढंसं दिसते." तिचे डोळे सताड उघडे होते. पुलावर डोळे मिटणारी ही बाई दांड्यावर हात टाकून शेताकडे वाकून बघत होती. पदर वाऱ्याने उडाला होता आणि तिला त्याची शुद्ध नव्हती.

"वाकू नको."

"बाबू, भेव वाटते का तुले?"

"नाही."

"मंग माहा हात सोड."

मी तिचं मनगट धरलं होतं. बोटांचे वळ उठले होते. मी हात सोडला आणि, का कुणास ठाऊक, तिथेच बोलून गेलो. "माय, चाचणीच्या बोऱ्यांत वाळू नव्हती. कापूस होता. मला कळलंच नाही."

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता तिला समजेल आणि ती ओरडेल, आणि इथे वर मला काही करता येणार नाही.

"बरं झालं ना मंग," ती म्हणाली. "पह्यला मान कापसाचाच राह्यते." आणि पुन्हा विहिरीकडे पाहू लागली.

आम्ही खाली उतरलो. मी पाळणेवाल्याला म्हटलं, "बंद करा." पुढच्या फेऱ्याच्या आशेवर ज्यांना मी थांबवलं होतं ते सगळे समोर होते, आणि त्यांत तेलाचे शेठजी पहिले. मी मोठ्याने सांगितलं की चाचणी बरोबर झाली नाही, चूक माझी आहे, आणि ती पुन्हा होईपर्यंत कुणी बसणार नाही. असं वाक्य मी त्याआधी कधी म्हटलं नव्हतं. पुढे नोकरीतही फार वेळा म्हटलं नाही.

"तुमी अन् तुमची माय बसून आले," शेठजी म्हणाले, "आता आमी बसाची येळ आली त चाचणी?"

 सभापती आलुबोंडा हातात घेऊन आले आणि म्हणाले, "अहो, उद्घाटन झालं आहे ना?" उद्घाटन झालेली वस्तू पडत नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत असावं.

रस्त्याच्या कामाचा मुरूम वेशीजवळ पडला होता. कोतवालाने तोंड पाडून तो चोवीस बोऱ्यांत भरवून घेतला. या वेळी एक बोरा उचलायला दोन माणसं लागली. दुपार झाली. लोक शिव्या देत दुसऱ्या तंबूंकडे गेले. बोरे चढले आणि मी निंबाखाली न जाता पश्चिमेच्या पायाशी उकिडवा बसलो. चौथ्या फेऱ्याला तो पाय चार बोटं खाली गेला. सावकाश, काही आवाज न करता, जणू त्याला बसायचंच होतं. पाळणेवाल्याने इंजिन बंद केलं. तो आला, माझ्या शेजारी बसला, त्या चार बोटांकडे बघत राहिला आणि गळ्यातला रुमाल काढून त्याने तोंड पुसलं. मग एका घरासमोरची दगडी फरशी मागून आणली, पाय उचलून ती खाली सरकवली, बाकीच्या तिन्ही पायांनाही तसंच केलं. त्यानंतरच्या दहा फेऱ्यांत काही हललं नाही. दाखला मी सरळ करून चिकटवला.

कुणी आभार मानले नाहीत. कोतवालाचं म्हणणं असं पडलं की सकाळी कापूस होता तेव्हा पाय रुतला नाही. मुरूम घातला, पाय रुतला. यातून काय ते समजावं. पुढे कितीतरी वर्षं त्या गावात मला मुरूमवाले साहेब म्हणत.

आईला मी म्हटलं, "आता पुन्हा बस हवं तर. आता पक्कं आहे."

"आता नाई," ती म्हणाली. "सही होती तंवर ठीक होतं. तू मुरूम भरला, तवापासून मले भेव वाटून राह्यलं."

संध्याकाळी आम्ही हिंगणघाटला येऊन वर्ध्याच्या पॅसेंजरची वाट पाहत बसलो. फलाटावर वजनाचं यंत्र होतं, लाल दिवे आणि फिरती तबकडी असलेलं. आज एक यंत्र झालंच आहे तर हेही होऊ दे, असं आईच्या मनात आलं. ती चप्पल काढून, नमस्कार करून त्यावर चढली. यंत्राने तिकीट टाकलं: सदतीस किलो. मग तिने मला चढायला लावलं. मी बुटांसकट चढलो: एकावन्न.

गाडीला उशीर होता. मी दोन्ही तिकिटं हातात धरून बसलो. सभापतींचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं. पाळण्यात आम्ही दोघं मिळून अठ्ठ्याऐंशी किलो होतो. कापसाचे दोन बोरे, ऐंशी. म्हणजे त्या सकाळी माणसाच्या माणसावरच्या विश्वासावर फिरले ते वरचे आठ किलो. त्यात माझे बूट धरले आहेत.